प्लायवूड कारखान्याचा परतावा

लग्न झालेल्या मुलीनं छिंगमिंगला, म्हणजे पितरांच्या दिवशी, माहेरी पाऊल टाकायचं नसतं. तिनं सासरच्या थडग्यांवरचं गवत उपटावं, सासरच्या पितरांना जेवू घालावं आणि गप घरी बसावं. येनांच्या घरात हा नियम कोणी मोडला नव्हता, आणि बाओचूनं तर लग्नानंतरच्या तेहेतीस वर्षांत कधीच नाही. म्हणून यंदा बरोबर बारा वाजता ती हातात दोन अननस घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा दार उघडणाऱ्या भावजयीनं, छुनमेईनं, आधी घड्याळाकडे पाहिलं.

"या वन्सं," छुनमेई म्हणाली. "सासरच्या पितरांना यंदा सुट्टी दिलीत वाटतं?"

"त्यांचं पहाटे पाचलाच उरकलं. आमच्या वॉर्डात लोक लवकर उठतात."

"उठणारच. तीन कोटी डोळ्यांसमोर नाचत असले की झोप कशी लागेल?"

"मला लागते बाई छान झोप. तुझ्या दिव्यामुळे नाल्यापलीकडून उजेड येतो, तेवढाच काय तो त्रास. रात्री दीड-दोनपर्यंत काय लिहीत असतेस?"

छुनमेईनं अननस घेतले आणि आत नेऊन ठेवले. लिहीत होती ती तेच, जे नणंदही लिहीत होती. दोघींनी एकाच पैशासाठी अर्ज केले होते.

नाल्याकाठचा प्लायवूडचा कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली होती. ती जागा एका बिल्डरनं घेतली आणि तिथे सव्वीस मजल्यांचे चार मनोरे उभे करायला निघाला. कारखान्याची जमीन राहण्याची करून द्यायची, तर शहरालाही काही मिळायला हवं. म्हणून महापालिकेनं त्याच्याकडून आसपासच्या सुधारणांसाठी तीन कोटी परतावा घेतला. इथवर सगळं सरळ होतं. घोळ असा की कारखान्याची एक भिंत नाल्याच्या अलीकडच्या पेइशिंग वॉर्डाला लागून होती आणि दुसरी पलीकडच्या नानथांगला. अलीकडच्या वॉर्डाची प्रमुख छुनमेई, पलीकडच्याची बाओचू. एक येनांची सून, दुसरी येनांची मुलगी.

छुनमेईला कोपऱ्यावरच्या रिकाम्या जागेत दुमजली सभागृह हवं होतं. खाली म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण, वर गाणी म्हणायची खोली. बाओचूला नाल्यावर स्लॅब टाकून कारखान्याच्या फाटकापासून भाजीबाजारापर्यंत सावलीचा सपाट रस्ता हवा होता, म्हणजे जुन्या पादचारी पुलाच्या चौतीस पायऱ्या चढणं-उतरणं संपलं असतं. वाटप समिती दोन्हीकडे येऊन गेली. दोन्हीकडे कलिंगड खाल्लं, दोन्हीकडे मान डोलावली. मतदानाला बसली तेव्हा निम्मे नगरसेवक इकडे, निम्मे तिकडे. शेवटी अध्यक्ष वैतागला आणि म्हणाला, तुम्ही दोघी एकाच घरातल्या, घरीच मिटवा. पाच तारखेला दुपारी दोनच्या आत एकीनं माघार घ्यावी. नाही घेतली तर पैसे शहराच्या मोठ्या पेटीत जातील, आणि त्या पेटीवर बंदरातल्या गाणाऱ्या कारंज्यावाल्यांचा केव्हापासून डोळा आहे.

वॉर्ड कचेरीतल्या को बाईंनी दोघींनाही माघारपत्राचा एकेक कागद दिला होता. शिक्का मारायचा, फोटो काढायचा, मोबाइलवर पाठवायचा. आणि पाच तारीख नेमकी पितरांची.

---

घरची मंडळी सकाळीच थडग्यावरून आली होती. पितरांपुढचं पान झालं, उदबत्त्या विझल्या, आणि मंडळी जेवायला बसली. गोल टेबलावर पातळ पोळ्यांची चळत, आणि भोवती परतलेला कोबी, अंड्याच्या पट्ट्या, डुकराचं लाल मांस, मोड आलेले मूग, साखर घातलेलं शेंगदाण्याचं कूट, कोथिंबीर. ज्यानं त्यानं आपापली गुंडाळी करायची. आबांची, म्हणजे बाओचूच्या वडिलांची, तेवढी दुसऱ्यानं करून द्यायची, कारण चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांची बोटं थरथरत.

छुनमेईनं पोळी हातात घेतली. बाओचूनंही घेतली.

"आबांना कोथिंबीर चालत नाही," बाओचू म्हणाली.

"चालत नव्हती. आता चालते. तुम्ही रोज नसता ना इथं, वन्सं."

वेनलुंग, म्हणजे एकीचा नवरा आणि दुसरीचा धाकटा भाऊ, कोबीत तोंड घालून जेवत होता. तो शाळेची बस चालवायचा. पन्नास मुलांचा कालवा त्याला चालत असे, पण या दोन बायकांनी आवाज खाली आणला की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

"ताई, मासा घे ना," तो म्हणाला.

"घेते रे. तुझी बायको सभागृहात मासे देणार आहे म्हणे म्हाताऱ्यांना. आठवड्यातून दोनदा. स्वतःच्या केस धुण्याच्या दुकानात बसून एवढा हिशेब कसा काय जमला, मला नवल वाटतं."

"केस धुता धुता माणसं बोलतात," छुनमेई म्हणाली. "मी ऐकते. काही लोक फायली वाचतात आणि माणसांना ओळखतच नाहीत."

"वीस वर्षं या वॉर्डाचं दार न् दार मी चढले आहे."

"चढलात ना. मग पलीकडे उतरलात."

बाओचूचा हात थांबला. बारा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ तिला अजून झोंबत होती. सहा वेळा निवडून आल्यावर आबांनी वॉर्ड सोडला. त्यांच्या फायली तिनं वाहिल्या होत्या, कोणाच्या घरी कोण आजारी, कोणाच्या गल्लीतला दिवा गेला, हे सगळं ती त्यांच्या आधी सांगायची. आणि आबांनी उभं केलं कोणाला, तर सुनेला. 'मुलगी म्हणजे ओतून दिलेलं पाणी,' ते म्हणाले होते, 'नाव घरात राहायला हवं.' त्याच वर्षी बाओचू नाल्यापलीकडून उभी राहिली आणि एकसष्ट मतांनी निवडून आली. आबा हार घेऊन आले नाहीत. छुनमेई बिनविरोध आली, आणि तिच्या दारात त्यांनी दोन तास फटाके वाजवले.

"आबा," बाओचू म्हणाली, "तुम्हीच सांगा. काय जास्त गरजेचं आहे?"

आबांना हवं तेवढंच ऐकू येई, पण हे आलं. त्यांनी सुनेनं केलेली गुंडाळी खाल्ली, मग लेकीनं केलेलीही खाल्ली, तोंड पुसलं.

"पुराच्या पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "दोन गल्ल्यांत एक पंप आला होता. आमच्या गल्लीला की पलीकडच्या, यावरून डोकी फुटायची वेळ आली. मी सोडला. पुढच्या निवडणुकीत पलीकडच्या गल्लीनं एकजात मला मत दिलं."

"म्हणजे?" वेनलुंगनं विचारलं.

"म्हणजे मागणारे ढीगभर असतात. सोडणारा एखादा." त्यांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "आज जी सोडेल, तिला मी माझी म्हणेन. वॉर्ड मी कोणाच्या हातात द्यायला हवा होता, ते मला आज कळेल."

एवढं बोलून ते चहाकडे वळले. दोघींनी आपापल्या ताटल्या उचलल्या. वेनलुंगला मात्र हुश्श वाटलं. एकीनं सोडलं की झालं, असं त्या भल्या माणसाला वाटलं.

---

बाओचू मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिली. सोडायचं? तीन वर्षं ती या रस्त्यामागे होती. नकाशे तिनं काढून घेतले होते, चारशे सह्या गोळा केल्या होत्या. पुलाच्या पायऱ्यांवरून मागच्या पावसाळ्यात अ-हाव आजी घसरली तेव्हा रुग्णवाहिकेत तिच्याशेजारी बाओचूच बसली होती. या सगळ्यावर पाणी सोडायचं, आणि ते छुनमेईच्या सभागृहासाठी, जिथे वरच्या मजल्यावर रिकामटेकडे गळे काढणार?

पण 'तिला मी माझी म्हणेन.' ते वाक्य काही केल्या तिच्या कानातून जाईना. साठीला आलेल्या बाईला असल्या शब्दाची भूक असावी याची तिला लाज वाटली. लाज वाटली तरी भूक गेली नाही. ती कल्पना करू लागली, छुनमेई उठून म्हणते आहे, मी सोडलं मामंजी, आणि आबा तिच्या डोक्यावर हात ठेवताहेत. ते मात्र तिला सहन होण्यासारखं नव्हतं. रस्ता गेला तरी परवडला, पण ते नको.

तिनं पर्समधून शिक्का काढला, टाकीच्या झाकणावर कागद ठेवला आणि दाबला.

छुनमेई तेव्हा स्वयंपाकघरात होती. भांडी घासत नव्हती, नुसता नळ सोडून उभी होती. तिचे अठरा म्हातारे रोज दुपारी गाड्या लावायच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जेवत. उन्हाळ्यात भातावर घाम पडायचा, पावसात रस्सा वाढायची गरजच नसायची. सभागृह तिला नाव मिरवायला नको होतं, निदान फक्त तेवढ्यासाठी नको होतं.

पण या घरात बारा वर्षं तिनं एक वाक्य ऐकलं होतं, आणि नणंदेनं ते कधी ऐकलं नव्हतं. गल्लीतला दिवा आठवडाभर बंद राहिला की मामंजी म्हणत, बाओचू असती तर. सभेत कोणी तिला टाकून बोललं की, बाओचू असती तर. एकदा तिनं एकटीनं कचऱ्याच्या गाडीची वेळ बदलून आणली, सगळी गल्ली खूश झाली, आणि मामंजी म्हणाले, बाओचूनं हे पहिल्याच वर्षी केलं असतं. बिनविरोध निवडून आलेल्या बाईची मतं कोणी मोजत नाही. नणंदेची ती एकसष्ट मतं मात्र म्हाताऱ्याला झोपेतही पाठ होती.

आणि आता ती बया मागच्या अंगणात गेली आहे. कशाला गेली असेल? छुनमेईनं तांदळाच्या डब्यावर कागद ठेवून शिक्का मारला. घाईत तो जरा तिरका बसला.

दोन्ही फोटो एकाच मिनिटात गेले असावेत, कारण को बाईंचा फोन घरच्या नंबरवर आला आणि तो वेनलुंगनं घेतला.

"हो. हो. दोघींची?" तो म्हणाला. मग फोनवर हात ठेवून तो बैठकीत आला. बाओचू मागच्या दारातून येत होती, छुनमेई हात पुसत होती, चक्क पडद्याला. "त्या म्हणताहेत दोघींचीही माघारपत्रं आली. म्हणजे आता कोणाचंच काम उरलं नाही. तीन कोटी कारंज्याला जाणार."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. असं पाहणं मी तरी मांजरांतच पाहिलं आहे.

"पण त्या म्हणताहेत," वेनलुंग पुढे म्हणाला, "दोनच्या आत एकीनं आपलं पत्र मागे घेतलं तर त्या फाडून टाकतील. दोनला त्या कचेरी बंद करणार. त्यांच्याही घरी पितर खोळंबलेत म्हणे."

भिंतीवरच्या घड्याळात एक पस्तीस झाले होते.

---

"मग घ्या मागे वन्सं," छुनमेई गोड आवाजात म्हणाली. "तुमच्या पायऱ्यांचा प्रश्न मोठा. मी आपलं मनापासून सोडलं आहे."

"छे गं. मी सोडलं ते सोडलं. तुझे म्हातारे ताडपत्रीखाली जेवतात, मला बघवत नाही. घे तू मागे."

"मी नाही हो. मोठ्यांचा मान आधी."

"मान कसला, धाकट्यांचे लाड आधी."

हॉटेलात जेवण झाल्यावर बिलासाठी झोंबाझोंबी होते ना, एकजण नोट कोंबतो, दुसरा हात धरतो, आणि दोघंही मनात म्हणतात, याचे उपकार मी घेणार नाही, तसं चाललं होतं. फरक एवढाच की इथे बिल भरायला दोघी तयार होत्या आणि जेवण कारंजं जेवून जाणार होतं.

"अगं बायांनो," वेनलुंग म्हणाला, "कोणीतरी घ्या ना. मी चिठ्ठ्या टाकू का?"

"तू गप रे," दोघी एकदम म्हणाल्या. त्या दिवसात त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

आबा खुर्चीत बसून चहा पीत होते. ते झोपले नव्हते, हे दोघींना पक्कं ठाऊक होतं. जी पत्र मागे घेईल तिनं मागितलं, असा त्यांच्या लेखी निकाल लागणार होता. आणि जी बसून राहील तिनं सोडलं.

एक पंचेचाळीस झाले. छुनमेईनं अठरा म्हाताऱ्यांची नावं मनात एकेक करून घेतली. नववं नाव येईपर्यंत तिचा हात फोनकडे गेलाही. मग तिनं नणंदेकडे पाहिलं. नणंद मान ताठ करून बसली होती, अगदी जिंकल्यासारखी. छुनमेईनं हात मांडीवर परत आणला. शेड आहेच, ती स्वतःला म्हणाली, ताडपत्री नवी आणू.

एक बावन्न.

बाओचूला समजलं की ही उठणार नाही. आपणही उठलो नाही तर दोन वाजतील, दोघीही त्यागमूर्ती ठरू, आबा कदाचित दोघींनाही माझी म्हणतील, आणि बंदरात पाणी गाणं म्हणेल. तिला हसू आलं नाही. तिला त्या बाईचा राग आला, आबांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण मघाशी टाकीवर शिक्का मारताना रुग्णवाहिकेत अ-हाव आजीनं धरलेला हात तिला आठवला होता, आणि आठवूनही तिनं शिक्का दाबला होता.

एक छप्पन्नला तिनं फोन लावला.

"को बाई, मी येन बाओचू. नानथांगची. माझं माघारपत्र फाडा." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "हो. मला हवेत. मी घेते ते पैसे."

पलीकडून को बाई काहीतरी बोलल्या, बाओचू हो म्हणाली, आणि फोन ठेवला.

"झालं?" आबांनी विचारलं.

"झालं, आबा."

"बरं." त्यांनी कप खाली ठेवला. "तुमच्याकडचे लोक खूश होतील."

तुमच्याकडचे. बाओचूनं पर्स उचलली. आबांनी शेजारच्या खुर्चीवर थोपटलं आणि म्हणाले, "सूनबाई, बस इथं. सकाळपासून उभी आहेस." छुनमेई बसली. त्या खुर्चीत बसलेल्या छुनमेईकडे पाहताना बाओचूला वाटलं, सगळा रस्ता हिला द्यावा, स्लॅबसकट आणि झाडांसकट, आणि आपण तिथं बसावं. मग ती चपला घालून निघाली.

"ताई, अननस तरी खाऊन जा," वेनलुंग म्हणाला, पण ती फाटकापाशी पोचली होती.

---

छुनमेईला वाटलं होतं, आता आपल्याला फार बरं वाटेल. मामंजींच्या शेजारी ती बारा वर्षांत अशी बसली नव्हती. तिनं त्यांना अननसाची फोड दिली.

"पंप मी सोडला," आबा फोड हातात धरून म्हणाले, "आणि मिरवलो. पण दोन उन्हाळे आपल्या गल्लीतल्या बायकांनी अर्ध्या मैलावरून पाणी आणलं. तुझी सासू रोज मला शिव्या घालायची. रास्त होत्या."

छुनमेईनं ताटली त्यांच्याजवळ सरकवली.

"सोडल्यावर लोक पाया पडतात. माणूस चढून जातो. सगळ्यांसमोर लाज गिळून, माझ्या माणसांना हवंय, द्या, असं म्हणायचं, ते मला चोवीस वर्षांत जमलं नाही." त्यांनी फोड तोंडात घातली. "आज माझ्या डोळ्यांदेखत तिला जमलं. वॉर्ड कोणाला द्यायला हवा होता, ते कळलं मला."

"मग आबा, ताईला सांगायचंत ना," वेनलुंग म्हणाला. "ती रडवेली होऊन गेली."

"माझ्यानं नाही बोलवत असलं. सूनबाई सांगेल. रोज भेटतात कचेरीत."

"सांगते हं मामंजी," छुनमेई म्हणाली.

तिनं दुसरी फोड कापली. सकाळपासून सगळ्यांचं जेवण तिनं केलं होतं, थडग्यावरचं गवत तिनं कापलं होतं, अठरा म्हाताऱ्यांचं छप्पर तिनं घालवलं होतं, आणि खुर्ची मिळाली ती ही. नाही सांगणार, तिनं ठरवलं. नवऱ्यानं विचारलं तर सांगितलं म्हणेन. एवढं तरी माझ्याकडे राहू दे.

---

पुलाच्या खालच्या पायरीवर अ-हाव आजी बसली होती, शेजारी मुळ्याची आणि तांदळाची पिशवी. खुब्याला लोखंड बसवल्यापासून ती अशी प्रत्येक टप्प्यावर बसूनच पूल ओलांडायची.

"माहेरी गेली होतीस?" आजीनं डोळे बारीक करून विचारलं. "आजच्या दिवशी?"

"काम होतं."

"रस्त्याचं?"

"हो. होणार रस्ता. उद्या समिती शिक्का मारेल."

आजीनं बाओचूचा हात धरला, रुग्णवाहिकेत धरला होता तसाच घट्ट.

"तुझे आबा खूश असतील आज."

"फार," बाओचू खोटं बोलली, आणि आजीची पिशवी उचलून तिला पायऱ्या चढवू लागली.